आगगाडी गेली, वाट राहिली

आगगाडीला चढ सोसत नाहीं. लोखंडी रुळावर लोखंडी चाक थोड्या कष्टांत धांवतें खरें, पण त्याच कारणानें तें चढावर घसरूंहि लागतें. म्हणून लोहमार्ग बांधणाऱ्या इंजिनियरापुढें डोंगर आला कीं तो एकतर त्याला वळसा घालतो, नाहींतर त्याच्या पोटांतून बोगदा पाडून पलीकडे जातो. बैलगाडीची वाट जेथें उभी चढते तेथें लोहमार्ग नदीचा हात धरून, तिच्याबरोबर वळत वळत, बेताबेतानें वर येतो. अशा मार्गावरील गाड्या बंद पडून रूळ उखडले गेले म्हणजे मागें जी वाट उरते, ती सायकलवाल्याकरितांच कोणीं आंखली असावी असें वाटतें. अमेरिकेंत अशा हजारों मैलांच्या वाटा आज झालेल्या आहेत. त्यांपैकीं पेन्सिल्व्हेनियांतील पिट्सबर्ग शहरापासून मेरीलंडमधील कंबरलँड गांवापर्यंतची, 'ग्रेट ॲलेगेनी पॅसेज' या नांवाची १५० मैलांची वाट आम्हीं २०२४ च्या सप्टेंबरांत पांच दिवसांत पार केली. तिची हकीकत वाचकांस सादर करीत आहों.

आम्ही म्हणजे चौघें: आम्ही उभयतां, आमची चौदा वर्षांची कन्या आणि पुण्याहून कांहीं महिन्यांकरितां आमच्याकडे पिट्सबर्गला आलेल्या आमच्या थोरल्या वहिनी. वहिनींनीं साठी ओलांडली आहे. कॉलेजांत असतांना पुण्यांतील इतर मुलींप्रमाणें त्याहि सायकलीवरून जात-येत. पुढें लग्न झालें, मुलें झालीं आणि सायकल माळ्यावर गेली ती गेलीच. तीन वर्षांपूर्वीं आमचे बंधु वारले, तेव्हांपासून त्यांनीं एकूणच घराबाहेर पडणें कमी केलें होतें. आमचा बेत ऐकतांच मात्र त्यांनीं 'मी येतें' एवढेंच म्हटलें, आणि दोन महिने रोज सकाळीं जवळच्या बागेंत सायकल चालविण्याचा सराव केला. उजव्या गुडघ्याची कुरकुर होती, ती त्यांनीं आमच्यापासून लपविली नाहीं. पितृपक्षांत प्रवासास निघूं नये असा सल्ला पुण्याहून फोनवर आला, त्यालाहि उत्तर त्यांनींच दिलें: "ह्यांची तिथि होऊं दे, मग निघूं." त्याप्रमाणें तिथीच्या दुसऱ्या दिवशीं सकाळीं, डब्यांत दशम्या, मेतकूट व गुळपापडी भरून आम्ही निघालों.

ॲलेगेनी व मोनोंगाहेला या दोन नद्या मिळून जेथें ओहायो नदी जन्मास येते, त्या टोंकापासून ही वाट सुरू होते. सुरुवातीचे मैल शहराचे व शहराच्या गतवैभवाचे. ज्या पुलावरून आम्ही मोनोंगाहेलेच्या दक्षिण तीरास गेलों त्याचें नांवच 'हॉट मेटल ब्रिज'. एका तीरावरच्या भट्ट्यांत वितळलेलें लोखंड तसेंच रसरशीत असतां मोठमोठ्या पात्रांत भरून, रुळांवरून दुसऱ्या तीरावरच्या पोलादखान्यांत नेत, तो हा पूल. आज त्यावरून विद्यार्थी पाठीला दप्तरें लावून जातात. पुढें होमस्टेड. येथें ६ जुलै १८९२ रोजीं कार्नेगीच्या कारखान्यांतील संपवाले कामगार आणि कंपनीनें भाड्यानें आणलेले पिंकर्टनचे तीनशें रखवालदार यांची नदीकांठीं झटापट होऊन दोन्ही बाजूंचीं माणसें मेलीं. रखवालदार रात्रीं पडावांतून नदीनें आले होते. ज्या जागीं ते उतरूं पाहत होते तेथील जुनें पंपघर अद्याप उभें आहे व वाट त्याच्या अगदीं शेजारून जाते. "मग कामगार जिंकले का?" असें आमच्या कन्येनें विचारलें. त्या दिवशीं जिंकले; नोव्हेंबरांत हरले, आणि पोलादाच्या धंद्यांत कामगारसंघाला पुन्हां डोकें वर काढावयास कित्येक दशकें लागलीं. तो प्रचंड कारखाना १९८६ सालीं बंद झाला. त्या जागेवर आतां दुकानें व सिनेमागृह आहे, आणि धुराड्यांची एक रांग तेवढी शोभेसाठीं ठेविली आहे. अशी धुराडीं शोभेला ठेवावीं हें आम्हांस फारसें रुचलें नाहीं. पण पाडून टाकलीं असतीं तर तेंहि रुचलें नसतें. पैलतीरावर ब्रॅडॉक येथें एडगर थॉमसन कारखाना मात्र १८७५ पासून आजतागायत धूर सोडीत आहे.

मॅकीस्पोर्ट गांवीं मोनोंगाहेला सोडून आपण तिच्या उपनदीच्या कांठीं येतों. या नदीचें इंग्रजी नांव लिहिलेलें पाहून तें वाचण्याची कोणाचीहि छाती होणार नाहीं. उच्चार मात्र सोपा, 'यॉकगेनी', आणि तीरावरचे लोक तर नुसतें 'यॉक'च म्हणतात. येथून जवळजवळ सत्तर मैल यॉकचा शेजार. मोटारींना मनाई, चुनखडीची बारीक खडी दाबून केलेली सपाट वाट, डोक्यावर झाडांची कमान, आणि एका बाजूस सदैव पाणी. पहिल्याच दिवशीं दुपारीं वहिनी एकाएकीं थांबून खालीं उतरल्या. आम्हांला वाटलें गुडघा दुखला. त्या ओल्या कडेला वांकून एका रोपट्याकडे पाहत होत्या. "अहो, हा तेरडा!" म्हणाल्या. खरोखरच तेरडा, फूल नारिंगी, घडण थोडी निराळी, परंतु त्याच कुळांतला. शेंगेला बोट लावतांच ती फट्‌दिशी फुटून बी उडालें, तेव्हां कन्येलाहि तें पटलें. आठ-दहा दिवसांपूर्वींच घरीं गौरी येऊन गेल्या होत्या आणि फुलांकरितां आम्हीं बाजार पालथा घातला होता. येथें मैलोगणती तो आपोआप वाढलेला!

याच भागांत डोंगराच्या कुशींतून झिरपणारे कांहीं ओहोळ पाहून मात्र मन चरकतें. त्यांचे दगड गेरूनें सारवल्यासारखे तांबडे झालेले आहेत. जमिनीखालीं सोडून दिलेल्या कोळशाच्या खाणी आहेत. त्यांतील गंधकयुक्त लोहखनिजाला हवा व पाणी लागून आम्ल तयार होतें, तें लोह विरघळवून बाहेर आणतें, आणि उघड्या हवेंत त्या लोहाचा गंज दगडांवर बसतो. खाण बंद झाल्यावरहि पिढ्यान्‌पिढ्या तें पाणी असेंच वाहत राहतें.

पहिल्या रात्रीं वेस्ट न्यूटन येथें मुक्काम केला. ३६ मैल झाले होते. दुसरे दिवशीं सकाळीं, धुकें नदीवरून उठत असतां, व्हॅन मीटर या वस्तीपाशीं आलों. येथील डार खाणींत १९ डिसेंबर १९०७ रोजीं स्फोट होऊन २३९ पुरुष व मुलगे ठार झाले. पेन्सिल्व्हेनियाच्या खाणींच्या इतिहासांत याहून मोठा अपघात नाहीं. मेलेल्यांपैकीं पुष्कळसे हंगेरीहून पोट भरण्याकरितां आलेले. जवळच्या स्मशानभूमींत ७१ जणांना एकाच खड्ड्यांत पुरलें आहे, आणि त्यांतल्या ४९ जणांची ओळखसुद्धां पटली नव्हती. त्या दिवशीं सेंट निकोलसचा सण होता. जुन्या पंचांगाप्रमाणें तो पाळणारे, पूर्व युरोपांतील ग्रीक पंथाचे कित्येक मजूर मजुरी बुडवून देवळांत गेले होते, ते वांचले. चौकशींत असें ठरलें कीं वायु साचल्यामुळें बंद केलेल्या भागांत कोणी उघडा दिवा घेऊन गेला असावा. दोष मेलेल्यांचाच निघाला, कंपनीचा नाहीं. त्याच महिन्याच्या ६ तारखेस शेजारच्या वेस्ट व्हर्जिनियांत मोनोंगा येथें साडेतीनशेंहून अधिक माणसें अशींच गेलीं होतीं. या लागोपाठच्या अनर्थांनंतर १९१० सालीं अमेरिकन सरकारनें खाणींचें स्वतंत्र खातें काढलें.

हें सर्व आम्ही कन्येला वाचून दाखवीत असतां वहिनी कडेचा तेरडा खुडीत होत्या. चार फुलें त्यांनीं फलकाच्या पायथ्याशीं ठेविलीं आणि बाटलींतलें पाणी ओंजळींत घेऊन तेथें सोडलें. "काकू, ते आपले कोण?" असें मुलीनें विचारलें. "कोणी नाहींत. ज्यांना कोणी नाहीं त्यांनाहि पाणी देतात," एवढें बोलून त्यांनीं सायकल हातीं घेतली. बायकांनीं असें पाणी द्यावें कीं नाहीं याचा ऊहापोह आम्हीं तेथें केला नाहीं आणि येथेंहि करीत नाहीं.

त्या संध्याकाळीं कॉनेल्सव्हिल गांठलें. एके काळीं या गांवाचा कोक सर्व अमेरिकेंतील पोलादाच्या भट्ट्यांना पोंचत असे. मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या घुमटाकार भट्ट्यांत कोळसा भाजून त्याचा कोक करीत. त्यांचे झाडोऱ्यांत बुजलेले अवशेष या परिसरांत आहेत. होमस्टेडचा संप मोडणारा हेन्री फ्रिक याच कोकवर श्रीमंत झाला. असो. आमच्यापुढें त्या वेळीं इतिहासापेक्षां निराळा प्रश्न होता. वहिनींचा गुडघा सुजला होता. कॉनेल्सव्हिलला प्रवासी आगगाडी थांबते. दिवसांतून एकदां, रात्रीं, ती पिट्सबर्गकडे जाते. निघण्यापूर्वींच असें ठरलें होतें कीं कोणाला पुढें जाणें नको वाटल्यास येथून परतावें, आणि कोणी त्यास कमीपणा मानूं नये. आम्हीं तो विषय काढला.

वहिनींनीं विचारलें, "पुढें चढ किती?"

आम्हीं कागद घेऊन हिशेब मांडला. येथून पूर्वेकडील माथ्यापर्यंत ६४ मैल आणि सुमारें १५०० फूट; म्हणजे मैलाला चोवीस फूटसुद्धां नाहीं. घरच्या जिन्याची एक पायरी सात इंच धरली, तर सव्वाशें फूट पुढें गेल्यावर कोठें एक पायरी चढून होते.

"एवढें तर मी भाजी आणायला जातांना चढतें," त्या म्हणाल्या. "बर्फ आणा. गाडीचें सकाळीं पाहूं." रात्रीं गाडी येऊन गेली. सकाळीं त्या आमच्या आधीं उठून, गुडघ्याला पट्टी बांधून, चहाचें पाणी ठेवून बसल्या होत्या.

कॉनेल्सव्हिलपासून ओहायोपाइलपर्यंतचे मैल सर्वांत रम्य म्हणतात, आणि तें खोटें नाहीं. दरी अरुंद होते, दोन्ही बाजूंस उंच वनराजी, खालीं नदी खडकांवर फुटत असते आणि तिच्यांतून रबरी होड्यांतले लोक किंचाळत जातात. ओहायोपाइलचा धबधबा उंचीला वीस फुटांच्या आसपास, परंतु नदीच्या सगळ्या रुंदीनें कोसळणारा. १७५४ सालीं बावीस वर्षांचा जॉर्ज वॉशिंग्टन या नदीनें पश्चिमेकडे सैन्य नेतां येईल का, हें पाहावयास येथवर आला होता. या धबधब्यानें त्याचा तो बेत मोडला. फ्रँक लॉइड राइटनें ओढ्यावर बांधलेलें 'फॉलिंगवॉटर' हें जगप्रसिद्ध घर येथून चारच मैलांवर आहे. आम्ही तिकडे वळलों नाहीं. गुडघ्याचे मैल मोजून ठेविले होते.

आतां ही वाट राहिली कशी, तें सांगितलें पाहिजे. वेस्टर्न मेरीलंड रेल्वेनें कंबरलँडहून कॉनेल्सव्हिलपर्यंत हा मार्ग १९१२ सालीं नेला, तो मुख्यतः कोळशासाठीं. पण नदीच्या दुसऱ्या तीरावर दुसऱ्या कंपनीचा मार्ग आधींपासून होता. पुढें दोन्ही कंपन्या एका छत्राखालीं आल्या, एका दरींत दोन मार्ग कशाला असा विचार झाला, आणि १९७५ सालीं हा सोडून देण्यांत आला. अमेरिकेंत लोहमार्गाखालची जमीन पुष्कळ ठिकाणीं कंपनीच्या मालकीची नसते. तिला केवळ जाण्यायेण्याचा हक्क असतो. गाडी बंद झाली कीं तो हक्क संपून पट्टा आजूबाजूच्या शेतकऱ्यांकडे परत जातो. एकदां असे तुकडे पडले कीं शंभर मैलांची अखंड वाट पुन्हां जोडणें जवळजवळ अशक्य. म्हणून १९८३ सालीं कायदा झाला कीं पुढें कधीं रेल्वे लागल्यास उपयोगी पडावी यासाठीं अशी वाट मोडूं न देतां राखून ठेवावी, आणि तोंवर ती पायीं वा सायकलीनें जाणाऱ्यांस खुली असावी. शेजारच्या जमीनमालकांनीं त्याविरुद्ध दाद मागितली. आपल्या अंगणाच्या कडेनें परकीं माणसें दिवसभर जाणार हें कोणाला आवडेल? त्यांचें म्हणणें निराधार नव्हतें. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९९० सालीं कायदा उचलून धरला, परंतु ज्याची जमीन खरोखर अडते त्यास सरकारकडे भरपाई मागण्याची वाट मोकळी ठेविली. आमच्या मतें हा निवाडा उभयपक्षीं न्यायाचा झाला.

आमची वाट त्या कायद्याच्या आधींच बंद पडलेली. तिला त्याचा आधार नव्हता. १९७८ सालीं पश्चिम पेन्सिल्व्हेनियांतील निसर्गरक्षणाच्या एका संस्थेनें कॉनेल्सव्हिल ते कॉन्फ्लुएन्स हा पट्टा विकत घेतला. त्यांतले ओहायोपाइलजवळचे नऊ मैल १९८६ सालीं खुले झाले. मग गांवोगांवच्या मंडळांनीं वर्गण्या काढून, झाडोरा तोडून, पुलांना कठडे लावून एकेक तुकडा जोडीत नेला. पिट्सबर्ग शहरांतला शेवटचा तुकडा २०१३ सालीं पुरा झाला. पहिल्या नऊ मैलांपासून शेवटच्या मैलापर्यंत सत्तावीस वर्षें लागलीं. रेल्वे कंपनीला डोंगर फोडून मूळ मार्ग घालावयास याच्या कितीतरी पट कमी काळ लागला होता.

तिसरी रात्र कॉन्फ्लुएन्स येथें. नांवाचा अर्थ संगम. यॉकला येथें दोन प्रवाह येऊन मिळतात. आपल्याकडे अशा जागीं घाट आणि देऊळ असतें. येथें सायकली दुरुस्त करण्याचें दुकान आहे व एक हिरवळीचा चौक आहे. येथून यॉकला सोडून कॅसलमन नदीच्या कांठानें वर जावयाचें. चौथ्या दिवशींची ही दरी निर्जन, आणि म्हणूनच आम्हांला अधिक आवडली. पलीकडच्या तीरावरचा जुना मार्ग अद्याप चालू आहे. मालगाडी आली कीं तिची घरघर आधीं दरींत भरते, मग झाडांआडून डबे दिसूं लागतात, आणि ते मोजतां मोजतां आपण अर्धा मैल पुढें गेलेलों असतों. मायर्सडेलच्या अलीकडे सॅलिसबरी पूल लागतो: १९०८ फूट लांब, शंभर फुटांवर उंच. खालून नदी, हमरस्ता व तोच चालू लोहमार्ग असे तिन्ही जातात. वाऱ्यानें सायकल हलूं लागली, तेव्हां वहिनी खालीं उतरून चालूं लागल्या. कन्याहि कांहीं न बोलतां उतरली आणि त्यांच्या वाऱ्याकडच्या बाजूनें चालत राहिली.

मायर्सडेलला ज्या घरीं उतरलों तेथील गृहस्वामिनी सत्तरीच्या घरांतली. मुलें नोकरीसाठीं दूरच्या शहरीं, पति वारलेले, वरच्या चार खोल्या रिकाम्या. सायकलवाले येऊं लागले म्हणून त्यांनीं खोल्या उघडल्या. "घर विकावें लागलें नाहीं, एवढेंच," असें त्या म्हणाल्या. आम्ही मांसमच्छर खात नाहीं हें कळल्यावर त्यांनीं बटाट्याची थाळी व मेपलच्या पाकांतल्या घाऱ्यांसारखा एक प्रकार केला. जेवणानंतर दोघी विधवा बराच वेळ ओटीवर बोलत बसल्या होत्या. वहिनींचें इंग्रजी बेताचें आणि त्या बाईंचे उच्चार डोंगरी. काय बोलल्या तें आम्हीं विचारलें नाहीं. सायकलींच्या येण्यानें या गांवांचा गेलेला कोळसा भरून निघाला असें कोणीं समजूं नये. बंद दुकानांच्या खिडक्या प्रत्येक गांवांत दिसतात. पण स्टेशनाची जुनी इमारत येथें उभी आहे, तींत लहानसें संग्रहालय आहे, आणि तिच्या ओट्यावर संध्याकाळीं माणसें बसलेलीं असतात.

पांचव्या दिवशीं सकाळीं, सुमारें आठ मैलांवर, माथा लागला. उंची २३९२ फूट. येथें पडलेल्या पावसाचें पश्चिमेकडे वळलेलें पाणी ओहायो व मिसिसिपी या नद्यांतून मेक्सिकोच्या आखातास जातें, आणि पूर्वेकडे वळलेलें चेसापीकच्या उपसागरांतून अटलांटिक महासागरास. महाबळेश्वरीं कृष्णा पूर्वसमुद्राकडे आणि सावित्री पश्चिमसमुद्राकडे जाते, तसाच हा प्रकार. वहिनींनीं बाटलींतलें पाणी थोडें इकडे, थोडें तिकडे ओतलें. या वेळीं त्या हंसत होत्या.

माथ्यापलीकडे बिग सॅव्हेज बोगदा. लांबी ३२९४ फूट. आंत दिवे आहेत, तरी आपला दिवा असावाच. आणि सप्टेंबरांतहि अंगावर कांहीं गरम हवें. हिवाळ्यांत झिरपतें पाणी गोठून अस्तर फोडूं नये म्हणून दोन्ही तोंडांस दारें लावून बोगदा बंद ठेवतात. डिसेंबर ते एप्रिलच्या सुमारास जाऊं इच्छिणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. बोगद्याबाहेर येतांच समोर मेरीलंडचे डोंगर एकामागें एक निळे होत गेलेले दिसतात. त्यापुढें मेसन-डिक्सन रेषा, १७६३ ते १७६७ मध्यें दोघां सर्वेक्षकांनीं दोन वसाहतींचा तंटा मिटविण्याकरितां आंखलेली. पुढें गुलामगिरी असलेला दक्षिणेचा मुलूख आणि नसलेला उत्तरेचा, यांच्यामधली शीव म्हणून तिचें नांव झालें.

आणि मग उतार. पिट्सबर्गपासून माथ्यापर्यंत १२६ मैलांत आम्ही सुमारें १६७० फूट चढलों होतों. आतां चोवीसच मैलांत पावणेदोन हजार फूट उतरावयाचें. मैलाला सुमारें ७४ फूट. आपल्या बोरघाटांत लोहमार्गाला सदतिसास एक, म्हणजे मैलाला १४२ फूट चढ आहे, त्यामानानें हा निम्माच. तरी पायडल न मारतां सायकल धांवावयास पुरेसा. उलट दिशेनें, कंबरलँडहून, येणाऱ्यांस हा चढ पहिल्याच दिवशीं लागतो. म्हणून घरांतील वडील माणसें बरोबर असल्यास पिट्सबर्गहूनच निघावें असें आम्ही सुचवितों. फ्रॉस्टबर्गपर्यंत आम्ही ब्रेक धरून, जपून आलों. त्यानंतर वहिनी पुढें गेल्या. वळणावळणांवर त्यांचा पदरासारखा फडफडणारा पिवळा पावसाळी कोट तेवढा दिसे.

कंबरलँडला दुपारीं पोंचलों. मैलाच्या खांबांवरचे आंकडे पिट्सबर्गपासून उतरत आले होते, तेथें शून्य होतें. त्याच जागीं जुन्या कालव्याच्या कांठची वाट सुरू होते. १८५० सालीं कंबरलँडला पोंचलेला व १९२४ सालच्या पुरानंतर बंद पडलेला हा कालवा. नौका ओढणारीं खेंचरें जेथून चालत, ती कांठाची वाट १८४ मैल वॉशिंग्टनपर्यंत जाते. वहिनींनीं तेथील नकाशा बराच वेळ पाहिला आणि त्याची एक प्रत घडी करून पिशवींत ठेविली.

संध्याकाळच्या गाडींत सायकलींसाठीं जागा आधींच राखून ठेविली होती. पांच दिवसांची वाट गाडीनें चार-साडेचार तासांत संपविली. ती नदीच्या पैलतीरानें, त्या चालू मार्गावरूनच गेली. परंतु बाहेर अंधार असल्यामुळें आमची वाट कांहीं दिसली नाहीं. मायर्सडेलला गाडी थांबत नाहीं. तेथें दोन दिवे दिसले आणि मागें गेले.